मामांचं सुतक

माझ्या आईला भाऊ नव्हता. माझे मामा मला सरकारी योजनेतून मिळाले.

तेव्हा मी शिरोलीच्या एमआयडीसीत बॅटऱ्या दुरुस्त करायचो. विजेच्या रिक्षांच्या मेलेल्या बॅटऱ्या आमच्याकडे यायच्या आणि अर्धमेल्या होऊन परत जायच्या. एचआयव्ही माझ्याकडे नोकरीच्या कितीतरी आधीपासून होता, म्हणजे जन्मापासून. आईवडिलांकडून वारसाहक्काने मला तेवढंच मिळालं. जमीन काकांनी ठेवून घेतली. पुढे आत्याने सांभाळलं, मग आत्याही गेली. त्यानंतर कोल्हापुरात एका खोलीत मी, एक गॅसची शेगडी आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात लपवलेली गोळ्यांची बाटली, असा आमचा संसार होता.

गोळी रोज एक. ती का चुकवायची नाही हे मला लहानपणापासून इतक्यांनी समजावलंय की मी झोपेतही सांगू शकेन. विषाणूचं काम एकच, स्वतःची नक्कल करायची. रक्तात औषध पुरेसं असलं की परीक्षेच्या वर्गात कडक मास्तर फिरतोय असं समजा. नक्कल बंद. असा विषाणू तपासणीत दिसतसुद्धा नाही, आणि जोवर तो दिसत नाही तोवर शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. लग्न करता येतं, मुलं होतात, मुलं धडधाकट असतात. वाईट असतं ते अर्धवट औषध. मास्तर डुलक्या घेतो, नक्कल चालू राहते, तीत चुका होतात, आणि त्या चुकांमधूनच कधीतरी असा एक नग निपजतो की त्याला मास्तर टक्क जागा असला तरी फरक पडत नाही. मग ते औषध तुमच्यासाठी संपलं. लहानपणी मला या घरातून त्या घरात पोचवताना बाटल्या मागे राहायच्या, त्यात माझ्यासाठी दोन औषधं अशी संपली. तिसरं चालू होतं. चौथं आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

योजनेचं नाव ‘नातं’. दंडाच्या कातडीखाली तांदळाएवढा कण बसवतात. अंगात औषध किती उरलंय ते तो मोजतो आणि मोबाइलला कळवतो. इथवर नवीन काही नाही, साखर मोजणारे असले कण तोवर जुने झाले होते. नवीन होतं ते पुढचं. संशोधकांच्या लक्षात आलं होतं की तरुण पोरं गजर बंद करतात, मेसेज वाचत नाहीत आणि डॉक्टरला थापा मारतात; पण घरातलं एखादं माणूस हात धुऊन मागे लागलं तर वैतागून का होईना, गोळी घेतात. ज्यांना असं माणूस नाही त्यांच्यासाठी त्यांनी ते बनवलं. म्हणजे फोनवर बोलणारा यंत्राचा आवाज. नातं आपण निवडायचं. आई, मोठी बहीण, काका, मामा. काकांचा अनुभव होता. मी मामा घेतले.

या आवाजाला दोन नियम होते. फोन भलत्याच कुणी उचलला तर नातेवाईक म्हणूनच बोलायचं, औषधाचं नाव काढायचं नाही, आणि रुग्णाने लोकांना जे काही सांगून ठेवलं असेल ते खोडायचं नाही. हा पहिला. दुसरा असा, की औषधाची पातळी लाल रेषेखाली गेली आणि गेलेलीच राहिली, तर रुग्णाने नेमून दिलेल्या विश्वासाच्या माणसाला फोन करायचा आणि सांगायचं, याने औषध घेतलेलं नाही, याच्याकडे बघा. समुपदेशक शिरगुप्पे मॅडमनी मला विचारलं, तुझं सगळं माहीत असलेलं असं माणूस कोण? मी केतकीचा नंबर दिला. केतकीला काहीच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात सांगणार होतो.

केतकी खराडे कागलची. उसावर ड्रोनने फवारणी करायची आणि ड्रोनच्या बॅटऱ्या आमच्याकडे आणायची. आमचं जमलं, मग आमचं जमलंय हे तिच्या घरी कळलं, मग मला जेवायला बोलावलं. असे बरेच पुढचे आठवडे गेले.

त्या जेवणानंतर मी परसात हात धुवायला गेलो आणि फोन पुढच्या सोप्यात राहिला. परत येऊन बघतो तर केतकीचे वडील, आबा, माझ्या फोनवर मामांशी बोलत होते. ओल्या हातांनी मी तिथेच उभा राहिलो. मामांनी तोवर स्वतःचं नाव दिनकरराव ठेवलं होतं, भिलाईला पोलाद कारखान्यात नोकरी केली होती, निवृत्त झाले होते आणि कुमुद नावाच्या बाईशी लग्न केलं होतं. मामींना गुडघेदुखी होती. आबांनाही गुडघेदुखी होती. फोन ठेवताना आबा मला म्हणाले, मामा लाखात एक आहे तुझा.

तिथून मला माझ्या मामांचं चरित्र पाठ करावं लागलं. आबा त्यांना आपणहून फोन करू लागले. खालच्या पट्टीत पाणी साचतं, तिथे ऊस लावू नका, वरच्या अंगाला हळद लावून बघा, असं मामांनी सांगितलं आणि आबांनी ते ऐकलं. आबांनी कुणाचं ऐकल्याची त्या घरात ती पहिलीच वेळ होती. केतकीही मामांशी बोलायची. काय बोलायची ते मला दोघंही सांगत नव्हते.

लग्न ठरवायच्या बैठकीत आबांनी विषय काढला की मुलाकडून कुणी नसलं तरी चालेल, पण अंतरपाटाच्या वेळी मुलाच्या मागं मामा उभा पाहिजे. लगेच स्पीकरवर फोन लागला. मामा म्हणाले, न येऊन सांगतो कुणाला. सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणारा मी एकटाच असतो तर दिसलं असतं.

घरी येऊन मी मामांना विचारलं की तुम्ही हे काय केलंत. ते म्हणाले, नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं, आणि कारणातून औषध निघालं असतं. मग येणार कसे? ते मला माहीत नाही, मामा म्हणाले, गोळी घेतलीस का?

आता सरळ मार्ग असा होता की केतकीला सांगायचं. दुसरा मार्ग असा होता की मामांना मारायचं. मला दुसरा सोपा वाटला.

मी आबांना फोन करून सांगितलं की मामा गेले. झोपेत. भिलाईतच सगळं उरकलं. आवाज कापरा काढायची मी तयारी केली होती, पण तो आपोआप तसाच निघाला. मग मामांचा फोन येऊ नये म्हणून मोबाइल मुका केला आणि कामाला लागलो. दुपारी कारखान्याच्या दारात आबांची गाडी उभी राहिली. घरचा शेवटचा माणूस गेल्यावर पोरगं एकटं कसं ठेवायचं, असं म्हणून त्यांनी मला तसंच उचललं. मालकांशी ते परस्पर बोलले होते. मालकांनी सुट्टी दिली होती, आणि आमच्या मालकांनी सुट्टी दिली म्हणजे आबा काय बोलले असतील याची कल्पना करा.

कागलला केतकीच्या आईने एकदाच तोंड उघडलं, की लग्नघरात सुतकाचा माणूस बरा नव्हे. आबांनी त्यावर तोडगा काढला. माझी गादी सोप्यात पडली. मी आत यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, घर सोडून कुठे जायचं नाही. मामाचं सुतक तीन दिवसांचं की दीड दिवसाचं यावर गल्लीत दोन मतं होती. आबांनी जास्तीचं धरलं. माझ्या दुःखात ते कमी पडणार नव्हते.

गोळ्या कोल्हापुरात चटणीच्या डब्यात होत्या.

पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो की कपडे आणायला जाऊन येतो. आबांनी नवे कपडे मागवले. दुसऱ्या दिवशी म्हणालो की चार्जर राहिलाय. केतकीच्या आईने लांबूनच तीन चार्जर सरकवले. कागलच्या सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली असती, पण तिथे औषध देणारा केतकीचा सख्खा चुलतभाऊ होता, आणि तोही मला भेटायला येऊन माझ्यासमोर मान हलवत बसला होता. शेजारून पिठलं-भाकरी येत होती. गल्लीतली माणसं आळीपाळीने येऊन बसत, मामांबद्दल विचारत, आणि मी त्यांचा स्वभाव सांगत असे. चौकात फ्लेक्स लागला. मामांचा फोटो नव्हता म्हणून फोटोच्या जागी समई होती, खाली ‘कै. दिनकरराव, भिलाई’ आणि त्याखाली शोकाकुल म्हणून आबांच्या मित्रमंडळाची बारा नावं.

मोबाइलवर औषधाच्या पातळीची एक गोल कडी दिसते. ती हिरवी होती, ती पिवळी झाली. मी पाठ करायला बसल्यासारखा तिच्याकडे बघत राहायचो. लोकांना वाटायचं मामांचे जुने मेसेज वाचतोय. मामांचे मेसेज नवे होते. गोळी घे. कुठे आहेस. फोन का उचलत नाहीस. इंद्रजित, मी मस्करी करत नाही.

केतकी दुरून चहा ठेवून जायची. तिचे डोळे सुजलेले होते. एकदा सोप्यात कुणी नव्हतं तेव्हा ती उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, मामांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, की हा पोरगा हसतो तेव्हा विश्वास ठेवू नकोस, जेवला का ते बघ. मला वाटलं, आत्ता सांगावं. मी ‘केतकी’ एवढं म्हणालो आणि दारात मित्रमंडळातले तिघं उभे राहिले. ती उठून आत गेली. कडी नारिंगी झाली होती.

त्या रात्री मला ताप आल्यासारखं वाटलं. ताप नव्हता, मी दोनदा बघितलं. अंगात कुठेतरी वर्ग सुटल्याचा गोंगाट आहे असं वाटत होतं, आणि तसं काही ऐकू येत नसतं हेही मला माहीत होतं. लाल रेषेच्या पलीकडे दोन गोष्टी होत्या. तिसरं औषध संपलं असतं आणि केतकीला यंत्राकडून कळलं असतं. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटत होती. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी सोपा भरलेला असताना आबांना एकदम आठवलं की आपण कुमुदमामींशी बोललोच नाही. बाईमाणूस तिकडं एकटी, आणि आपण साधी विचारपूस केली नाही, हे बरं दिसत नाही. मी म्हणालो, मामी फोनवर येत नाहीत. आबा म्हणाले, नुसतं ऐकलं तरी पुरे. त्यांनी दिनकररावांचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. माझ्या मांडीवरच्या मोबाइलात कडी लाल झाली होती.

“नमस्कार आबासाहेब,” मामा म्हणाले. “हळद उगवली का?”

सोप्यात कुणीतरी चहाची बशी खाली ठेवली. तिचा आवाज बराच मोठा झाला.

“कोण बोलतंय?” आबांनी विचारलं.

“मी दिनकर.”

“दिनकरराव,” आबा फार सावकाश म्हणाले, “तुम्ही वारलाय.”

मामा थांबले. ते कधी थांबत नसत. पहिला नियम आठवत असावेत.

“इंद्रजित तसं म्हणाला का?”

“व्हय.”

“मग वारलो असेन,” मामा म्हणाले. “आबासाहेब, केतकी जवळ आहे का? तिलाच फोन लावणार होतो. जरा निकडीचं आहे.”

केतकी आतल्या दारात उभी होती. मेलेल्या माणसाने नाव घेतलं म्हणून ती किंचाळली वगैरे नाही. तिने चौकट धरली आणि माझ्याकडे बघितलं. आबांनी फोन तिच्यापुढे केला. मी सुतकात होतो, कुणाला शिवायचं नव्हतं. मी उठून आबांच्या हातातून फोन काढून घेतला.

“मामा, मी सांगतो तिला.”

“पुढच्या आठवड्यात?”

“आत्ता.”

“सांग. मी थांबतो,” ते म्हणाले. “पण मला फार वेळ थांबता येत नाही, हे तुला माहीत आहे.”

परसात फवारणीच्या औषधाच्या कॅनांशेजारी केतकीचा ड्रोन पाय पसरून बसला होता. आम्ही त्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. तिने आधी हे विचारलं की मामा जिवंत आहेत का. मी म्हणालो की ते कधी नव्हतेच, तो आवाज आहे, मला गोळीची आठवण करणारा. मग गोळी कशाची ते सांगितलं. जन्मापासून आहे हे सांगितलं, तिला त्यातून काही झालेलं नाही हे सांगितलं, का झालेलं नाही ते सांगितलं. दवाखान्यात हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की माझं बोलणं भिंतीवरच्या पोस्टरसारखं निघत होतं, आणि ते मला ऐकू येत होतं. ती ड्रोनचं नोझल फिरवत होती. उघडायचं, बंद करायचं.

“आणि आत्ता?” तिने विचारलं.

“आत्ता तीन दिवस औषध नाही. गोळ्या खोलीवर आहेत.”

“तीन दिवस तू आमच्या सोप्यात बसून पिठलं खाल्लंस.”

“हो.”

“कमी औषधात कीड मरत नाही, इंदर. शिकते. मी बांधावर उभी राहून लोकांना हे बोंबलून सांगते.” तिने नोझल सोडलं. “मी त्या माणसासाठी रडले. आईला दिसू नये म्हणून न्हाणीघरात जाऊन रडले. आणि तुला माहीत होतं.”

यावर पोस्टरमध्ये काही लिहिलेलं नव्हतं. तिच्या खिशातला फोन वाजला. तिने बघितला. मामांचं नाव होतं. तिने तो वाजू दिला, माझ्याकडे बघत राहिली, आणि मग उचलून म्हणाली की त्याने सांगितलंय, आम्ही निघतोय. पलीकडून मामा काहीतरी बोलले. ती फक्त हूं म्हणाली.

“लग्नाचं मला आत्ता विचारायचं नाही,” तिने फोन ठेवत सांगितलं.

“नाही विचारत.”

“गाडीत बस.”

आम्ही मागल्या दाराने निघालो. सोप्यातली माणसं अजून बसलेली होती. उठावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं, कारण ज्याचं सुतक होतं तो माणूस फोनवर आला होता. चौकात समईच्या फ्लेक्सखालून गाडी नेताना तिने वर बघितलं नाही. हमरस्त्यावर ती एकदाच बोलली. बाटली चटणीत का ठेवलीस, वास लागत नाही का, असं विचारलं. मी म्हणालो लागतो.

खोलीत तिने डबा स्वतः उघडला. बाटली काढली, पुसली, लेबल वरून खालपर्यंत वाचलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिली. इतकी लहान असेल असं तिला वाटलं नसावं. मी ती घेतली. पाण्याचा तांब्या तिने दिला नाही, मी हाताने घेतला. मी गिळेपर्यंत तिची नजर माझ्या गळ्यावर होती.

शिरगुप्पे मॅडमना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. उद्या सकाळी रक्त द्यायला ये म्हणाल्या. तिसरं औषध टिकलं की गेलं हे त्यावरून कळेल, पण लगेच नाही, काही आठवडे लागतील. तोवर एकही चुकवायची नाही. आणि विश्वासाचं माणूस म्हणून दिलेल्या त्या मुलीला सगळं माहीत आहे ना, असं त्यांनी सहज विचारलं. मी केतकीकडे बघून म्हणालो, आता माहीत आहे.

कडी लालच होती. ती लगेच बदलत नाही. केतकी शेगडीशेजारी जमिनीवर बसली. मी समोर बसलो. ती राहील की जाईल हे मला ओळखता येत नव्हतं. मला वाटतं तिलाही येत नव्हतं.

मग तिचा फोन वाजला. आबा. तिने स्पीकर लावला आणि हात लांब करून फोन माझ्यासमोर धरला.

“मी काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “मामाही नाहीत. तू बोल.”

आबा ओरडतील अशी मी तयारी केली होती. ते हळू आवाजात बोलले. सोप्यातली माणसं गेली, म्हणाले. चहा तसाच पडलाय. मग विचारलं, की खालच्या पट्टीत ऊस लावू नका म्हणून त्यांना सांगणारा माणूस नक्की कोण होता.

“माणूस नव्हता, आबा. यंत्र होतं. औषधाची आठवण करणारं.”

केतकीची आई मागे काहीतरी विचारत होती, आबांनी तिला थांबवलं असावं.

“म्हंजे आजारी कोण हाय?”

केतकी खिडकीबाहेर बघत होती. हात मात्र तिने खाली घेतला नव्हता.

“मी,” मी म्हणालो. “बसून घ्या आबा. पहिल्यापासून सांगतो. सांगून होईपर्यंत कुणाला फोन लावू नका.”